सगळ्या सवलती घ्यायच्याच का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडचण असल्याचं सर्टिफिकेट हातात आलंय. शाळेतले सर म्हणतात दहावीला मिळतील तेवढ्या सगळ्या सवलती घेऊन टाका, रायटर, म्हणजे मुलाच्या सांगण्यावरून पेपर लिहिणारा लेखनिक पण घ्या. पण रायटरचं नाव काढलं की पोरगं रडायलाच लागतं. काय घ्यावं, काय सोडावं? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, सरांचा हेतू चांगलाच आहे, पण आधी पोरगं नेमकं अडतं कुठे ते बघूया. त्याच्या मागच्या चाचणीचे पेपर घेऊन बसा. शेवटचे प्रश्न कोरे आहेत पण सुरुवातीचे नीट लिहिलेत, म्हणजे वेळ पुरत नाही, तर जादा वेळ त्याला खरंच कामाला येईल, तासाला २० मिनिटं धरली तर तीन तासांच्या पेपरला चक्क एक तास मिळतो. पण उत्तर तोंडी विचारलं की घडाघडा सांगतो आणि पेपरात मात्र दोन ओळीत आटपलेलं असेल, तर त्रास लिहिण्याचा आहे, तिथे नुसता वेळ वाढवून फायदा नाही, उलट हात दुखत आणखी एक तास बसावं लागेल. आणि विचारलं एक, लिहिलं भलतंच असं दिसलं तर प्रश्न कोणीतरी वाचून दाखवणं गरजेचं आहे. बऱ्याच मुलांना यातल्या दोन अडचणी एकत्र असतात.

आता रायटरचं. रायटर मिळाला की काम सोपं झालं असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं हो! साधारणपणे तो एक इयत्ता खालचा असतो, त्याने तो धडा वाचलेलाही नसतो, मग भूमितीची आकृती काढायची तर कुठला बिंदू, कुठून कुठे रेघ, कोन किती अंशाचा, सगळं आपल्या मुलाला बोलून सांगावं लागतं. हे सवयीशिवाय जमत नाही, म्हणून घरी एक जुना पेपर त्याला स्वतः लिहू द्या आणि दुसरा तुम्ही रायटर होऊन त्याच्या सांगण्यावरून लिहा, शब्द सुचवायचा नाही, चूक सुधारायची नाही. मग दोन्ही पेपर त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच विचारा.

तो रडतो ते मला वाटतं मुलं चिडवतील म्हणून. त्याला सांगा, एमबीबीएस झालेल्या विकास कुमारला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, यूपीएससीच्या परीक्षेला लेखनिक नाकारला म्हणून तो थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमताही आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, त्यामुळे हा मुलाचा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. तरीही तो नाहीच म्हणाला तर जबरदस्ती करू नका, प्लीज.

गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याबद्दल कोणी सुचवलं तर घाई नको, पुढे सायन्स किंवा डिप्लोमा करायचा असेल तर तिथेच अडेल.

जे ठरेल ते नववीच्या सहामाहीलाच शाळेत सुरू करून घ्या, बोर्डाच्या पेपरला पहिल्यांदा नको. अर्ज शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, तेव्हा सर्टिफिकेटची झेरॉक्स आजच मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.