गेम बॉय अ‍ॅडव्हान्स: पहिला कोणता घ्यावा?

निन्टेन्डोचा हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल पहिलाच घेताय ना? मग सरळ एसपी, म्हणजे घडी होणारं मॉडेल, बघा. २००१ च्या मूळ मॉडेलच्या स्क्रीनला दिवाच नाही. खिडकीशी बसून खेळावं लागतं. मायक्रो हे सगळ्यात छोटं मॉडेल दिसायला गोंडस, पण त्यावर जुन्या गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या गेम चालत नाहीत.

एसपीतही दोन प्रकार आहेत. एजीएस-००१ मध्ये उजेड पुढून पडतो, रंग फिकट दिसतात. एजीएस-१०१ मध्ये तो मागून येतो, चित्र कितीतरी उठावदार. नवशिके इथेच फसतात: मागच्या स्टिकरवरचा हा मॉडेल क्रमांक वाचून पैसे देतात. बाहेरचं कवच बदललेलं असू शकतं. स्क्रीनखालचं दिव्याचं बटण दाबा. ००१ मध्ये उजेड पूर्ण बंद होतो, १०१ मध्ये फक्त कमी-जास्त होतो.

घेण्याआधी एवढं तपासा:
- बिजागरी: सैल किंवा तडा गेलेली नको.
- बॅटरी: फुगलेली असेल तर बदलावीच लागेल.
- एल आणि आर बटणं: हलक्या दाबानं चालली पाहिजेत.

एसपीला नेहमीच्या हेडफोनची जागा नाही, अ‍ॅडॉप्टर लागतो. स्क्रीन बदलण्याच्या फंदात सध्या पडू नका.