विचारा की! : ट्रॉमाचा फॉर्म आणि त्यात न मावणारं

प्रश्न : ताई, मी एमए सायकॉलॉजीला आहे, डेझर्टेशनला एलजीबीटी लोकांमधला पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) घेतलाय. गाईड म्हणतात पीसीएल-५ हा त्याच्या लक्षणांचा फॉर्म वाट, स्कोअर काढ, स्ट्रेट लोकांशी तुलना कर, झालं. पण मी स्वतः गे आहे आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी जे भोगलंय ते त्या फॉर्ममध्ये येतच नाही असं वाटतं. मी बायस्ड आहे का?

उत्तर : बायस्ड कसला, नेमकं बोट ठेवलंयस. पीसीएल-५ मध्ये २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, गेल्या महिन्यात किती त्रास झाला एवढंच विचारतात, आणि स्कोअर ३१-३३ च्या पुढे गेला तर नीट तपासायला हवं इतकाच त्याचा अर्थ, ते निदान नाही (रिपोर्टमध्ये हे ठळक लिही बरं का). खरी अडचण त्याच्या आधीची आहे. डीएसएम-५ (मानसिक आजारांचं निदान करायचं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे पीटीएसडी म्हणायला मृत्यू, गंभीर दुखापत किंवा लैंगिक हिंसा यांचा प्रसंग किंवा धोका आलेला असावा लागतो. घरच्यांनी नातं तोडलं, शाळाभर चिडवलं, ऑफिसात रोज टोमणे, हे त्यात बसत नाही. मग काही संशोधक हे सगळं सोडून देतात आणि काही जण सगळ्यालाच पीटीएसडी म्हणून मोकळे होतात, आणि मला दोन्हीचा सारखाच वैताग येतो. तू घटना वेगळ्या विचार, भेदभाव आणि लपवाछपवी वेगळी मोज, मग लक्षणांशी कशाचं किती नातं लागतंय ते बघ. संशोधक इलान मायर यांचं २००३ चं मायनॉरिटी स्ट्रेस (अल्पसंख्य असल्यामुळे येणारा ताण) मॉडेल इथे कामाला येईल, बाहेरून होणारा छळ, तो कधीही होईल ही धास्ती, लपवणं आणि स्वतःचीच वाटणारी लाज, सगळं त्यात आहे.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सतत सावध असणं हे फॉर्ममध्ये लक्षण म्हणून मोजलं जातं, पण जो मुलगा अजून त्याच घरात फोन लपवून राहतोय, ज्याला पकडलं गेलं तर मार बसेल, त्याचं सावध असणं आजार कसं म्हणायचं? म्हणून 'आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का' हा प्रश्न घालच, आणि जमलं तर थोड्या जणांशी बसून बोल.

तुलना करायचीच असेल तर कारण शोधायला कर. अमेरिकेत २०१० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात लैंगिक अल्पसंख्याकांना पीटीएसडीचा धोका साधारण दुप्पट दिसला, पण त्यातला बराच फरक लहानपणच्या छळाने आणि हिंसेने समजावता येत होता. हे सांगितलं नाहीस तर वाचणारा 'हे लोक मुळातच कमकुवत' असं धरून चालणार. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या आजारांच्या यादीत होती, आणि 'बरं करायला' म्हणून कुणाकडे तरी नेलेल्यांसाठी तर सायकॉलॉजिस्टची खोली हीच ट्रॉमाची जागा असते, तेव्हा कुणी तुझ्या फॉर्मला नाही म्हटलं तर राग मानू नकोस. आणि मित्रांच्या मित्रांकडून सँपल जमवलंस तर पूर्ण लपून राहणारे त्यात येणारच नाहीत, म्हणून 'समुदायातल्या इतक्या टक्के लोकांना' असलं वाक्य लिहायचं नाही!

प्रश्न : अशाच एका रिसर्चचा फॉर्म मला आलाय. भरू का? जुनं उकरलं जाईल, नाव फुटेल, भीती वाटते.

उत्तर : आधी एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, ईमेल घेतात का, डेटा कोण बघणार हे विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. असे फॉर्म भरताना काहींना त्रास होतो, पण भरल्याचा पश्चात्ताप बहुतेकांना होत नाही असं अभ्यास सांगतात. मध्येच बंद करायचा हक्क तुमचा आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र भरू नका. आणि वाईट स्वप्नं, दचकणं, त्या आठवणी टाळत राहणं हे महिन्याच्या वर चालू असेल तर फॉर्म राहू दे, ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर (दोन्ही ट्रॉमावरच्या थेरपी) करणारं कुणी गाठा, आणि पहिल्याच भेटीत सरळ विचारा की एलजीबीटी क्लायंटबरोबर काम केलंय का.