शेंदराची ‘मिनिएचर’ आणि वर्खी पोथी

प्रश्न असा आहे: मध्ययुगातल्या सोनेरी ख्रिस्ती प्रार्थनापुस्तकांना इंग्रजीत ‘इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणतात, मराठीत ‘प्रकाशित हस्तलिखित’ चालेल का? आणि आतल्या ‘मिनिएचर’ला ‘लघुचित्र’च म्हणायचे ना?

‘प्रकाशित’ नको. आपल्याकडे प्रकाशित म्हणजे छापून बाजारात आलेले. इथला उजेड सोन्याचा आहे. चर्मपत्रावर सरस घातलेला फुगीर लेप द्यायचा, त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि अकीकाने, नाहीतर चक्क कुत्र्याच्या दाताने, घोटायचा. मेणबत्तीपुढे पान जरा कलले की मरियेचे तेजोवलय लकाकते. मी तर सरळ ‘वर्खी पोथी’ म्हणेन.

‘मिनिएचर’ची गोष्ट आणखी मजेदार. या शब्दात मुळात लहानपणाचा मागमूसही नाही. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर, आपण मारुतीला फासतो तोच. (रोमन लोक हिंगुळालाही मिनियम म्हणत.) पोथीतली मथळ्याची अक्षरे शेंदराने रंगवायची, ते ‘मिनियारे’, त्यावरून इटालियन ‘मिनियातुरा’. पुढे पोथीतल्या चित्रांनाही तेच नाव पडले. चित्रे पानात मावतील एवढीच असायची, त्यात ‘मायनर’, ‘मिनिमम’ हे शब्द कानाला जवळचे, म्हणून ‘लहान’ हा अर्थ मागाहून चिकटला. ‘लघुचित्र’ हे त्या चिकटलेल्या अर्थाचे भाषांतर. पहाडी-राजस्थानी चित्रांसाठी तो शब्द रुळला आहे, तिथे राहू दे. पण फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ख या चित्रकार बंधूंनी रंगवलेली, १४१६ मध्ये अपुरी राहिलेली पोथी घ्या: तिचे पान जवळपास ए-फोर कागदाएवढे, आणि काही चित्रे पानभर. त्यांना लघु कसे म्हणणार? ‘पोथीचित्र’ बरे.

ही पोथी ‘बुक ऑफ अवर्स’ प्रकारातली, म्हणजे ठरल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांची. ‘तासांचे पुस्तक’ म्हटले की शाळेचे वेळापत्रक आठवते. दिवसरात्रीच्या आठ प्रार्थनावेळा आणि आपले आठ प्रहर यांचा आकडा जुळला तरी वेळा तंतोतंत जुळत नाहीत, पण ‘प्रहरपोथी’ कानाला गोड लागते. चित्रे इथे खुणेचेही काम करतात. मरियेच्या प्रार्थनांत बहुधा गब्रीएल दूत निरोप घेऊन आलेला दिसला की पहिली प्रार्थना, आणि मरियेला मुकुट चढताना दिसला की रात्रीची शेवटची.

लॅटिनमध्ये या पुस्तकांचे नाव ‘होरे’, म्हणजे ‘होरा’चे अनेकवचन. हा ‘होरा’ मूळचा ग्रीक, आणि आपल्या ज्योतिषातला ‘होरा’ही त्याच ग्रीक शब्दावरून आलेला. ‘होरापोथी’ म्हणायचा मोह होतो खरा, पण मग लोक पत्रिका घेऊन येतील.