कोपर दुखतंय, पण गोल्फची बॅग माळ्यावर टाकू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

'कोपर गेलं' एवढंच कळवलंस. कुठलं, आणि कुठल्या बाजूने? तळहात वर करून हात टेबलावर ठेव. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याच्या जरा खाली दाबल्यावर कळ आली, तर तो गोल्फर्स एल्बो. बाहेरच्या उंचवट्यापाशी दुखलं, तर टेनिस एल्बो. नावांवर जाऊ नकोस. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी गोल्फरांचं डावं कोपर बाहेरून दुखणं अगदी नेहमीचं आहे. उजवं दुखतं ते बहुधा आतून. २००४ मध्ये सचिन ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या दोन कसोटींना मुकला आणि पुढच्या वर्षी त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, ती टेनिस एल्बोपायीच. तो काही रॅकेट घेऊन फिरत नव्हता.

बिघाड दोन्हीकडे एकाच जातीचा. मनगट हलवणारे स्नायू ज्या टेंडनने कोपराच्या हाडाला धरलेले असतात, तो जुन्या दोरासारखा आतून विरतो. दुखणं जुनं झालं की त्यात सूज कमी आणि झीज जास्त. म्हणून गोळीने चार दिवस बरं वाटतं, टेंडन मात्र होता तिथेच राहतो. नुसत्या विश्रांतीचंही तेच. दोन महिने हात गळ्यात बांधून बसलीस तर दुखायचं थांबेल, पण टेंडन आणखी हलका पडेल आणि रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉलच्या पहिल्याच बकेटला पुन्हा बोंब.

आता रेंजबद्दल, कारण माझा संशय तिथेच आहे. रविवारचा एक राउंड कोपर सहसा बिघडवत नाही. ऑफिस सुटल्यावर काँक्रीटवर अंथरलेल्या त्या पातळ मॅटवर तू तासाभरात शंभर बॉल झोडतेस, ते बिघडवतं. गवतावर क्लब, म्हणजे आपली काठी, बॉलच्या मागे पडला की माती उडते, बॉल जेमतेम पुढे जातो, चूक डोळ्यांना दिसते. मॅटवर तोच क्लब घसरून बॉलपर्यंत पोचतो, बॉलही बरा जातो, आणि हिसका बसतो तो मनगटातून थेट कोपराला. मॅट खोटं बोलते, आणि आपण खूश होऊन पुढचा बॉल घेतो. जमेल तिथे गवतावर मार. मॅटच असेल तर बॉल टीवर, त्या छोट्या खुंटीवर, ठेव आणि तीस बॉलनंतर निमूटपणे घरी जा.

दुसरा संशय पकडीवर. ग्लव्हला तळहाताच्या मनगटाकडच्या भागात भोक पडतंय का, बघ. पडत असेल तर क्लब हातात फिरतोय आणि तू तो आवळतेयस. पुष्कळदा क्लबच्या मुठीचं, म्हणजे ग्रिपचं, रबर गुळगुळीत झालेलं असतं, त्यात आपल्याकडचा घाम.

व्यायाम कंटाळवाणा आहे, पण खरं औषध तेच. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळहात वर. मुठीत एक किलोचं डंबेल. नसेल तर लिटरची भरलेली बाटली चालेल. दुसऱ्या हाताने मूठ वर उचलून दे आणि दुखऱ्या हाताने चार आकडे मोजत सावकाश खाली सोड. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दुखणं बाहेरच्या बाजूचं असेल तर तळहात खाली, बाकी सगळं तसंच. करताना दहापैकी तीन-चार इतपत दुखलं तर घाबरू नकोस. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी: चहाचं पातेलं पक्कडीने उचलताना किंवा ओला टॉवेल पिळताना कालच्यापेक्षा जास्त कळ आली, तर वजन कमी कर. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

तोवर पटिंग आणि चिपिंग, म्हणजे जवळचे हलके फटकेच, कर. मग वेज या आखूड क्लबचा अर्धा स्विंग, मग टीवरून छोटे आयर्न, आणि सगळ्यात लांब क्लब, ड्रायव्हर, शेवटी. पट्टा लावायचा तर कोपरावर नाही, त्याच्या दोन बोटं खाली, आणि खेळण्यापुरताच. क्लबमध्ये कोणीतरी स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं सुचवेलच. त्याने काही आठवडे झकास वाटतं. पण टेनिस एल्बोत वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेलेच बरेचदा पुढे असतात. मी तरी घाई करणार नाही.

करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील, कोपर सरळ होत नसेल, किंवा एखाद्या फटक्याला 'कट्' आवाज होऊन ताकदच गेली असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखव.

शनिवारी येशील तेव्हा सेव्हन आयर्न आण, मारायला नव्हे. ग्रिप बघू, गेली असेल तर त्याच दिवशी बदलायला टाकू.

तुझा,
काका