पहिला राउटर लावताना

भावा, पहिलाच सिस्को राउटर आहे ना, मग गडबड करू नकोस. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट राउटरला जोडणारी) लाव, लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ९६०० ठेव. स्क्रीनवर अगम्य किडे-मकोडे उमटले तर वेग चुकलाय. मग 'एनेबल', 'कॉन्फिगर टर्मिनल' हे आदेश टाईप कर, होस्टनेम (राउटरचं नाव) आणि पासवर्ड दे. इथवर सोपं.

पोर्टला आयपी पत्ता दिलास की 'नो शटडाउन' (पोर्ट चालू करायचा आदेश) मारायचंच. राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात तासभर केबली बदलत बसलोय! 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'मध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन', म्हणजे पोर्ट सेटिंगमध्येच बंद, असं स्वच्छ लिहिलेलं, पण वाचतंय कोण?

आणि 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' (म्हणजे केलेलं सेटिंग कायमचं साठवणं) केल्याशिवाय चहाला उठायचं नाही. वळवाच्या पावसात लाईट गेली की न साठवलेलं सगळं पुसलं जातं.