अलार्म रिसेट करण्याआधी : मशीन शॉप चालवणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

लहान मशीन शॉप चालवणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणीतरी ‘असं चालतं’ म्हणून सांगितलेलं असतं, आणि मशीनही त्यावर काही दिवस चाललेलं असतं. म्हणून त्यांतल्या काहींना इथे एकत्र उत्तर देतो आहे.

प्रश्न : लेथवर लांब जॉबला (घडवायच्या तुकड्याला) टेपर येतो, म्हणजे एक टोक जाड आणि एक बारीक निघतं. दुरुस्तीवाला म्हणतो बेड (लेथचा लांब पाया) झिजलाय, ग्राइंडिंगला द्या. देऊ का?

इतक्यात नको. बेड ग्राइंडिंग म्हणजे मोठा खर्च आणि मशीन बराच काळ बंद. ते सुचवणाऱ्याने कुठे काय मोजलं ते विचारा. कागदावर आकडे नसतील तर तो त्याचा अंदाज आहे. लेथ जागेवरून हलवला, खालची फरशी खचली किंवा एखादा लेव्हलिंग बोल्ट ढिला झाला, तरी बेडला पीळ पडतो आणि जॉब टेपर निघतो. गवंड्याची लेव्हल इथे कामाची नाही, मीटरला ०.०२ मिमी फरक दाखवणारी प्रिसिजन लेव्हल हवी. लेव्हल झाल्यावर जाडसर बार फक्त चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) धरा, टेलस्टॉकचा (दुसरं टोक धरणाऱ्या भागाचा) आधार देऊ नका. बारवर चकजवळ एक आणि टोकाला एक कॉलर ठेवून, क्रॉस स्लाइडच्या डायलला हात न लावता दोन्हींवर हलका फिनिश कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही सारखे आले आणि तरीही सेंटरमध्ये धरलेल्या जॉबला टेपर येत असेल, तर टेलस्टॉक सरकला आहे. दोन्हींत फरक आला, तर अलाइनमेंट तपासणाऱ्या जाणकाराला बोलवा. ग्राइंडिंगचं काम स्वतः घेणार नाही असा माणूस मिळाला तर उत्तम.

प्रश्न : स्लाइडवे ऑइलऐवजी (मशीनच्या सरकत्या भागांच्या तेलाऐवजी) हायड्रॉलिक ऑइल चालेल का? दोन्हींवर ६८ लिहिलंय.

नाही. ६८ हा फक्त तेलाच्या दाटपणाचा आकडा आहे. मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल घ्या.

प्रश्न : सुट्टीनंतर मशीन सुरू केलं की कूलंटला (कापताना सोडायच्या पाणी-तेलाच्या मिश्रणाला) कुजका वास येतो. फिनाइल टाकावं असं एकाने सुचवलं.

फिनाइल नको, ब्लीचिंग पावडर नको आणि वास मारणारी कुठली बाटलीही नको. स्लाइडवरचं तेल वाहून टाकीत येतं आणि वर थर धरतं. मशीन उभं असताना त्या थराखाली हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू माजतात. वास त्यांचा आहे. वरचं तेल काढा, टाकीच्या तळातला गाळ आणि बर (धातूचा कीस) काढा, मग नवं मिश्रण भरा. मिश्रण करताना पाण्यात कूलंट ऑइल ओता, ऑइलमध्ये पाणी नाही. रोजची तूट नुसत्या पाण्याने भरू नका. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, पण त्यावरचा आकडा म्हणजे थेट टक्के नव्हेत. कूलंटच्या माहितीपत्रकात दिलेल्या फॅक्टरने त्याला गुणावं लागतं. कामगारांच्या हातांवर पुरळ किंवा भेगा दिसत असतील तर त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि कूलंटचं माहितीपत्रक सोबत द्या.

प्रश्न : सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) ल्यूब म्हणजे वंगणाच्या तेलाचा अलार्म सारखा येतो. ऑपरेटर रिसेट करून काम चालू ठेवतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो प्रेशर स्विचच खराब आहे, त्याला वगळून वायर थेट जोडून टाकतो. ऑर्डर संपेपर्यंत असं चालवलं तर?

चालवू नका. वायर जोडू देऊ नका, आणि आधीच जोडली असेल तर आजच काढायला लावा.

या अलार्मचा अर्थ एवढाच की तेलाचा दाब जमला नाही किंवा टाकीत तेल कमी आहे. फिल्टर तुंबला असेल, टेलिस्कोपिक कव्हरखाली एखादी नळी तुटली असेल, पंप दमला असेल. स्विचही खराब असू शकतो, पण तो गेजने दाब मोजल्यावर काढायचा निष्कर्ष आहे. तोवर बॉलस्क्रू आणि स्लाइड कोरड्या धावत असतात. त्याचा आवाज लगेच येत नाही. आधी साइज थोडी हलते आणि ऑपरेटर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देतो. मग बॅकलॅश (स्क्रूमधला ढिलेपणा) वाढतो आणि कुणीतरी पॅरामीटरमध्ये त्याची भरपाई टाकतो. जॉब पुन्हा बरोबर येऊ लागतात, मालक निर्धास्त होतो, आणि झीज आत चालूच राहते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अलार्म नाही म्हणजे तेल पोचतंय असं नाही. एकाच पॉइंटचं मीटरिंग युनिट (तिथे ठरावीक तेल सोडणारा भाग) तुंबलं तर बाकी लाइनचा दाब ठीक राहतो आणि स्विच गप्प बसतो. म्हणून ल्यूब टाकीवर मार्करने आजची पातळी आणि तारीख लिहा. पातळी उतरतच नसेल तर तेल जात नाहीये. फार भराभर उतरत असेल तर नळी कुठेतरी फुटली आहे, आणि ते तेल वरच्या प्रश्नातल्या कूलंटवर तरंगतंय. मशीन पूर्ण बंद करून, मेन स्विचला कुलूप लावून, कव्हर सरकवा आणि प्रत्येक स्लाइडवर बोट फिरवून पाहा. तेलाची ओल बोटाला लागायला हवी.

आता ऑपरेटरबद्दल. तो रिसेट का करतो, हे स्वतःला विचारा. मागच्या वेळी त्याने मशीन थांबवलं तेव्हा तुम्ही काय बोललात? ‘आधी माल काढ’ असं ऐकलेला माणूस पुन्हा सांगायला येत नाही. मशीनमधला बिघाड सगळ्यांत आधी त्याच्या हाताला आणि कानाला कळतो. तो बोलायचा थांबला की तुम्हाला बिघाड कळतो तो थेट ब्रेकडाऊनच्या दिवशी. बिघाड सांगणाऱ्याचा वेळ उत्पादनाच्या हिशेबातून वजा करू नका, आणि त्याने सांगितलेलं त्याच्यासमोर वहीत लिहा. प्रेशर स्विच, नळ्या आणि मीटरिंग युनिट तपासायला मशीन कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला या आठवड्यातच बोलवा. ऑर्डर संपायची वाट पाहू नका. त्यामागे दुसरी ऑर्डर येईल.

प्रश्न : चिप्सने हात कापतात, तर लेथ आणि ड्रिलवर हातमोजे द्यावेत का?

फिरत्या मशीनवर कधीही नाही. हातमोजा अडकला की हात आत ओढला जातो. चिप्स काढायला हुक आणि ब्रश द्या, तेही मशीन थांबवून. हवेच्या नळीने चिप्स उडवू नका.

प्रश्न : ग्राइंडिंग व्हील हातातून पडलं, पण तडा दिसत नाही. लावू का?

नाही. मोडून टाका, म्हणजे दुसरा कुणी लावणार नाही.

प्रश्न : सगळं सेटिंग एकाच सेटरच्या (मशीन जॉबसाठी लावून देणाऱ्याच्या) डोक्यात आहे. तो आता पगारवाढ मागतोय, नाहीतर जाईन म्हणतो. बाँड लिहून घ्यावा का?

बाँडचं वकिलाला विचारा; तो कितपत टिकेल हे तुमच्याकडच्या कायद्यावर आहे. मागणी मात्र वाजवी आहे का, हे तो गेल्यास मशीन किती दिवस उभं राहील याचा हिशेब करून ठरवा. प्रत्येक जॉबची सेटिंग शीट बनवा : धरायची पद्धत, जॉज, टूलचा क्रम, इन्सर्टचा ग्रेड, स्पीड, फीड, शून्य कुठून घेतलं. ती त्याच्याकडूनच लिहून घ्या, त्या वेळेचे पैसे द्या, आणि दुसऱ्या माणसाला ती शीट पाहून एक सेटिंग करायला लावा. जिथे तो अडेल तिथे शीट अपुरी आहे. हे काम लपूनछपून केलंत तर सेटर आठवड्याभरात जाईल, आणि ते रास्तच असेल.

प्रश्न : जुनं मशीन घेतोय. नवा रंग आहे, दलाल म्हणतो कंडिशन एकदम फर्स्ट क्लास.

रंग पाहू नका. मशीन चालू स्थितीत, तुमच्याच जॉबवर कट घेऊन पाहा. नुसतं मोकळं फिरवून दाखवलं तर पैसे देऊ नका. स्पिंडल तास-दोन तास चालवून बेअरिंग किती तापतं ते बघा. स्क्रूच्या मधल्या भागातला आणि टोकाचा बॅकलॅश डायलने मोजा. झीज बहुधा मध्येच असते, दाखवणारा टोकाला दाखवतो. सौदा करण्याआधी स्वतःचा फिटर किंवा स्वतंत्र इंजिनिअर घेऊन जा.

प्रश्न : सीएनसीवर बॅटरीचा अलार्म आहे. पुढच्या महिन्यात बदलली तर?

आजच बदला, आणि त्याआधी पॅरामीटर व प्रोग्रॅमचा बॅकअप घ्या. बऱ्याच कंट्रोलवर पॉवर चालू ठेवूनच बॅटरी बदलावी लागते, नाहीतर मेमरी पुसली जाते. आत उघडी टर्मिनल असतात, म्हणून मॅन्युअल वाचलेल्या माणसाकडूनच किंवा सर्व्हिसवाल्याकडून हे करून घ्या.