वरणाचं पाणी आणि उतरलेलं वजन

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६६) बारा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होऊन रक्ताचे जुलाब होणारा आजार) आहे. यंदा दुसऱ्यांदा स्टिरॉइड सुरू झालंय. पाच महिन्यांत वजन ६२ वरून ५४ किलोवर आलं. चेहरा मात्र भरल्यासारखा दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, ‘वयानं होतं असं.’ बरणीचं झाकण त्यांना उघडत नाही, जिना कठड्याला धरून चढतात. पोटाला त्रास नको म्हणून आम्ही वरणाचं पाणी, मऊ भात आणि ताक एवढंच देतो. आणखी काय देता येईल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : याला वय म्हणून सोडून देऊ नका. ६२ किलोतले ८ किलो म्हणजे जवळपास १३ टक्के. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं, तरी कुपोषण तपासावं लागतं. चेहऱ्याच्या गोलाईवर जाऊ नका, ती स्टिरॉइडची. त्याच गोळ्या दंड-मांड्यांचे स्नायू झिजवतात, आतड्याची सूजही तेच करते, आणि सध्याच्या ताटातून ती झीज भरून निघत नाही.

घरी एक चाचणी करा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यांना हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायला-बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे. पोटरीचा घेरही सर्वांत जाड जागी मोजा. पुरुषांत ३४ सेंमीपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याचा संशय घ्यावा. पायाला सूज असेल तर हा आकडा फसवतो. दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

आता ताटाकडे. आजार भडकलेला असताना दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे यांना दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) तुमच्या सध्याच्या ताटात याच्या निम्मीही भरणं कठीण. डाळीची प्रथिनं खाली बसलेल्या गाळात राहतात. वरच्या पाण्यात हळद, मीठ आणि आपलं समाधान. ताकाचंही तसंच. दह्यात भरपूर पाणी घातलं की पेल्यात प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम.

म्हणून वरण घोटून घट्ट द्या. ३० ग्रॅम मुगाच्या डाळीत ७ ग्रॅम मिळतात. दोन उकडलेली अंडी १२, १०० ग्रॅम मासा (काटे काढून, तळलेला नको) सुमारे १८, ५० ग्रॅम पनीर ९, दीड वाटी दही ७, दोन पोळ्या ६-७, भात ५ आणि रात्री झोपताना कपभर दूध ६. बेरीज ७० च्या आसपास जाते. दुधानं पोट फुगत असेल तर ते वगळून दही-पनीर वाढवा. शाकाहारी असाल तर अंडी-माशाऐवजी पनीर तिप्पट करा, डाळ दोन्ही वेळा ठेवा. सगळं एकदम सुरू करू नका. दर दोन-तीन दिवसांनी एकेक पदार्थ वाढवा आणि दिवसाचं खाणं सहा वेळांत वाटा. तिखट सोसत नसेल तर कमी करा, पण चमचाभर तूप काढू नका. या वजनाला रोज १६०० कॅलरींच्या पुढे जायचंय. त्यातूनही जमलं नाही तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पोषण-पावडर सुचवतील.

पण आतड्याची सूज धुमसत असेपर्यंत नुसत्या खाण्यानं स्नायू परत येत नाहीत. वर्षात दोनदा स्टिरॉइड लागणं म्हणजे कायमचं औषध बदलायची किंवा वाढवायची वेळ आली. वय जास्त म्हणून ते टाळलं जातं, आणि स्टिरॉइडच चालू राहतं! हे डॉक्टरांशी बोला. स्टिरॉइड स्वतः मात्र बंद करू नका, अचानक सोडणं धोक्याचं. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी विचारा. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांपेक्षा शिरेतून लोह बरं, कारण सुजेत आतडं लोह नीट शोषत नाही.

ताप नसेल, शौचातून रक्त जाणं थांबलं असेल, तर तीच खुर्ची व्यायामाला वापरा. ८ ते १० वेळा उठ-बस, दोन फेऱ्या, आठवड्यात तीन दिवस. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्त पडतंय आणि ताप किंवा नाडी ९० च्या वर असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. एकाच पोटरीला सूज आणि ठणका असेल तरीही न्या. या आजारात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

प्रश्न : मला (वय ३१) क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळ सुजेचा आजार) आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झालाय. सगळे म्हणतात, ‘चोथा खा’. खाल्ला की पोटात मुरडा येतो. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्यापुरता तो सल्ला लागू नाही. पेरू, मका, शेवग्याच्या शेंगा, कच्ची कोशिंबीर, सालीचे हरभरे टाळा. दुधी, लाल भोपळा सोलून मऊ शिजवा, पिकलं केळं, सोललेली मूगडाळ चालते. शेवटचा भागच आजारी असल्यानं ब१२ ची पातळी तपासून घ्या. गरज पडली तर इंजेक्शन. उलट्या होऊन पोट ताठलं आणि वायूही सरेना, तर पोट साफ करणारं औषध (रेचक) घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा.